ग्रँड टीटनला लेकजवळ राहायचंय? जेनी लेकचा हट्ट सोडा, कोल्टर बे बघा

तुम्ही विचारलंय की जुलैत दोन लहान मुलांना घेऊन अमेरिकेत वायोमिंगमधल्या ग्रँड टीटन नॅशनल पार्कला जायचंय, लेकजवळ राहायचंय, तंबूही चालेल, पण जवळच्या जॅक्सन गावातल्या हॉटेलांचे रेट बघून डोळे पांढरे झाले. आमचेही झाले होते.

आमची चूक आधी सांगतो. आम्हाला जेनी लेक कॅम्पग्राउंडच पाहिजे होतं कारण सगळे फोटो तिथलेच, पण ते छोटंसं, फक्त तंबूवाल्यांसाठी, आणि जुलैच्या जागा कधीच उडालेल्या. मग म्हटलं जाऊ तर खरं, काहीतरी मिळेलच. नाही मिळत हो! पार्कमधली कॅम्पग्राउंड्स आता आधीच बुक करावी लागतात, सकाळी जाऊन नंबर लावायचे दिवस गेले, आणि रस्त्याकडेला गाडी लावून आत झोपणंही चालत नाही. शेवटी रात्री टोगवोटी पास ओलांडून पूर्वेला ड्युबॉइस गावात जाऊन रूम घेतली. साडेनऊ हजार फुटांच्या वरचा घाट, मिट्ट काळोख, मागे पोरं गाढ झोपलेली आणि मी हरीण आडवं येईल म्हणून स्टिअरिंग घट्ट धरून बसलेलो.

दुसऱ्या वेळी शहाणे होऊन पार्कमधलंच कोल्टर बे कॅम्पग्राउंड घेतलं. जॅक्सन लेकच्या काठावर, ३०० च्या वर साइट्स, त्यामुळे मिळायचा चान्स जास्त. दुकान, शॉवर, लाँड्री सगळं तिथेच, लहान मुलं असली की याची किंमत कळते. तंबू ठोकायचा कंटाळा असेल तर तिथेच टेंट केबिन्स आहेत, दोन भिंती लाकडाच्या, दोन कापडाच्या, आत बंक आणि लाकडाची शेगडी, बाथरूम मात्र बाहेर. यलोस्टोन नॅशनल पार्कही तिथून जवळ पडतं. सिग्नल माउंटन कॅम्पग्राउंड लोकेशनला कोल्टर बेपेक्षा भारी वाटलं मला, पण साइट्स कमी. ग्रो व्हाँट कॅम्पग्राउंड मोठं आहे, जॅक्सनला जवळ आहे, पण लेकवर नाही, हे बुक करताना लक्षात ठेवा.

कॅम्पसाइटचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर ६ महिने आधी उघडतं, म्हणजे १० जुलै हवी तर १० जानेवारीला सकाळीच बसा. केबिन्स आणि टेंट केबिन्स तिथे दिसणार नाहीत, त्या लॉज चालवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर, आणि त्या तर वर्षभर आधीपासून भरतात. आता उशीर झाला असेल तरी रोज एकदा चेक करत राहा, लोक प्लॅन बदलतात, कॅन्सल झालेली जागा परत दिसते. आणि सलग तीन रात्री शोधू नका, एकेक रात्र शोधा, साइट बदलावी लागली तर लागली.

काहीच नाही जमलं तर पश्चिमेला आयडाहो राज्यात व्हिक्टर, ड्रिग्स ही गावं आहेत, जॅक्सनपेक्षा स्वस्त. मध्ये टीटन पास आहे, १० टक्के चढ-उतार, उतरताना लो गिअरमध्येच या. बाजूच्या नॅशनल फॉरेस्टमध्ये फुकट तंबू टाकता येतो, पण पाणी नाही, टॉयलेट नाही, लहान मुलांना घेऊन मी तरी नाही करणार.

जुलै असला तरी रात्री कडाक्याची थंडी असते, स्लीपिंग बॅग चांगल्या घ्या. आणि खाणं, टूथपेस्ट, मुलांची वाइप्स, वासाचं काहीही तंबूत ठेवू नका, अस्वलं आहेत तिकडे. सगळं साइटवरच्या लोखंडी पेटीत टाका, झोपायच्या आधी मुलांचे खिसेही तपासा, आमच्याकडे चॉकलेट निघालं होतं.