मच्छीमार होडीवर संडासची सोय असते का?

कोकणात ओळखीच्यांच्या होडीवरून रात्रीच्या मासेमारीला जायचंय, तिथे संडासचं काय, असं तुम्ही विचारलंय. आमच्या घरची होडी आहे, म्हणून सांगतो. एक-दोन सिलिंडरच्या होडीवर संडास नसतो. जाळी, बर्फ आणि इंजिन यातच जागा संपते. पहाटे जाऊन दुपारी परतणारे घरूनच उरकून निघतात. रात्र काढायची असेल तर बादली.

बादलीला दोरी बांधलेली असते. आधी तळाशी थोडं समुद्राचं पाणी घ्यायचं, मग बसायचं, आणि वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला ओतायचं. उलट्या बाजूला ओतलंत तर काय होईल ते सांगत बसत नाही. होडी चालू असताना बादली पाण्यात टाकली की जबरदस्त हिसका बसतो, त्यामुळे दोरी मनगटाला गुंडाळू नका. धुवायलाही समुद्राचंच पाणी. पिण्याच्या कॅनला हात लावलात तर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, शिव्या घालणारच.

कित्येक दिवस बाहेर राहणाऱ्या काही ट्रॉलरवर मागे फळ्यांचा खुराडा असतो, खाली नुसतं भोक. ढाऊ म्हणजे जुन्या अरबी शिडाच्या जहाजांवरही असाच लाकडी खोका मागे बाहेर लटकवलेला असे.

खरा धोका बादलीचा नाही, लघवीचा. अर्धवट झोपेत काठावर उभं राहायचं, लाट आली की तोल गेला, आणि इंजिनाच्या आवाजात हाक कोण ऐकणार? त्यामुळे बसून करा, एक हात कशाला तरी घट्ट धरलेला, आणि कुणाला तरी उठवून सांगून जा. लाज वाटते म्हणून पाणीच न पिणारे पाहुणे मी पाहिलेत. उन्हात त्यांचं डोकं धरतं, वर उलट्या. तसं करू नका.

कायद्याचं म्हणाल तर जहाजांच्या सांडपाण्याचे मारपोल या आंतरराष्ट्रीय प्रदूषणविरोधी करारातले नियम परदेशी फेऱ्या करणाऱ्या, 400 टनांपासून पुढच्या किंवा 15 हून जास्त माणसांचा परवाना असलेल्या जहाजांसाठी आहेत. होडी त्यात येत नाही. तरी खाडीत बादली रिकामी करायची नाही. तिथल्या तिसऱ्या आणि कालवं तेच पाणी गाळून जगतात, आणि ती आपणच खातो.

बरोबर बाईमाणूस असेल तर झाकणाची वेगळी बादली आणि आडोशाला ताडपत्री न्या. तांडेलाला निघण्याआधीच सांगून ठेवा, म्हणजे वेळ आली की तो सगळ्यांना नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, पाठवतो.