वाचकांचे प्रश्न : काशीनरेशांची विहीर आणि तीन पॅरिशांत वाटलेले गाव

प्रश्न : इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या स्टोक रो गावात काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली विहीर पाहिली. ती एवढी खोल का? आणि जुन्या कागदांत हे गाव कधी इप्सडन, कधी न्यूनम मरेन, कधी मंजवेल पॅरिशखाली (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) येते. खरे कोणते?

उत्तर : तिन्ही खरे. न्यूनम मरेन आणि मंजवेलची जुनी चर्च टेम्सकाठी, वॉलिंगफर्डच्या बाजूला. पण त्यांची हद्द चिंचोळ्या पट्टीसारखी पूर्वेला चिल्टर्न टेकड्यांवर चढते. मंजवेलची पट्टी तर काही मैल लांब, रुंदी मात्र कित्येक ठिकाणी मैलभरही नाही. असे आखण्यात हिशेब होता. नदीकाठी गवताची कुरणे, त्यावर नांगरटीची जमीन, उतारावर मेंढ्या आणि माथ्यावर बीच नावाच्या झाडांचे जंगल, म्हणजे सरपण. प्रत्येक पॅरिशला सगळ्यातले थोडे थोडे. स्टोक रो वसले ते माथ्यावर, या पट्ट्यांच्या शेपटांवर.

आता पाणी. टेकडीचा गाभा खडूच्या दगडाचा, वर चकमकीचे खडे मिसळलेली चिकणमाती. खडूत पडलेले पाणी भेगांतून थेट खाली जाते. माथ्यावर ना ओढा, ना झरा. मातीतल्या खड्ड्यांत साठेल ते गढूळ पाणी, आणि उन्हाळ्यात तेही आटते. या भागात वाढलेले एडवर्ड रीड पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वायव्य प्रांतात मोठ्या हुद्द्यावर गेले. गावच्या पाण्याचे हाल त्यांच्या तोंडून ऐकून काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी खर्च उचलला. 1863 मध्ये काम सुरू झाले आणि 24 मे 1864 रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, विहीर खुली झाली.

खोली 368 फूट, व्यास अवघा 4 फूट. एवढ्या जागेत माणसाला कुदळ धड फिरवताही येत नाही. तरी सारे हातानेच खणले. साधा गुणाकार केला तरी सुमारे 130 घनमीटर माल दोरीने वर ओढावा लागला. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल 365 फूट उंच आहे, म्हणजे ते उभेच्या उभे आत मावेल (व्यासाचे सोडा!). पाणी फुकट. देखभालीसाठी शेजारी चेरीची बाग लावली, तिचे नाव ‘ईश्री बाग’. रहाटावर सोनेरी हत्ती आहे, तो मात्र शोभेचा. बादली वर आणायला हातानेच रहाट फिरवावा लागे. पुढे नळ आले आणि वापर थांबला.

वंशावळ शोधत असाल तर सावध. स्टोक रोचे चर्च 1846 चे. त्याआधीचे बाप्तिस्मे, लग्ने, दफने मूळ पॅरिशांच्या नोंदवह्यांत विखुरलेली आहेत. बरेच जण फक्त इप्सडन पाहतात आणि ‘नोंद नाही’ म्हणून परततात. आधी घर कोणत्या पट्टीत पडते ते ठरवा. 1836 च्या कायद्यानंतर दशमांश करासाठी (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) नकाशे झाले. त्यात प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो आणि सोबतच्या यादीत मालक, कसणारा आणि क्षेत्रफळ. क्षेत्रफळ एकर, रूड, पर्चमध्ये येते : 40 पर्चचा रूड, 4 रूडचा एकर. वह्या ऑक्सफर्डच्या काउली भागातल्या ऑक्सफर्डशायर हिस्टरी सेंटरमध्ये मागा.

आणखी एक गोष्ट. 1601 च्या कायद्याने गरिबांना पोसणे पॅरिशवर होते. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांना अडचणीत वेगवेगळ्या पॅरिशकडे हात पसरावा लागे. मदतीच्या यादीत एकाचे नाव सापडले आणि दुसऱ्याचे नाही, तर शेजारच्या पट्टीची वही उघडा.