पोलीस राहू देत, आधी ओट्यावर बस

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. इबोलासाठी लक्ष ठेवायच्या, काँगोहून परतलेल्यांच्या यादीतले तिघे फोन उचलत नाहीत, एकाच्या बायकोने तर "आम्ही काय गुन्हा केलाय?" म्हणत फोन आपटला. आणि तू विचारतेस, पोलीस पाठवू का? नको. दारात जाऊन बस.

लक्षणं दिसण्याआधी इबोला पसरत नाही, हे तुला मी सांगायला नको. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला 21 दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून ते 21 दिवस मोजायचेत. ते त्या माणसाने आपल्याला मोजू दिले पाहिजेत, एवढंच.

2014 च्या जुलैत लायबेरियाहून विमानाने आलेला एक इबोलाचा रुग्ण नायजेरियात लागोसला उतरला. एवढं अवाढव्य शहर! त्याला इस्पितळातून सोडा म्हणून दबाव आला, तरी तिथल्या डॉ. अमेयो अदादेवो यांनी सोडलं नाही, आणि महिन्याभरात त्याच आजाराने त्या गेल्या. पुढे रुग्णांच्या संपर्कात आलेल्या जवळपास 900 जणांची यादी झाली आणि त्यांच्या घरी 18,000 च्या वर भेटी. देशभरात 20 रुग्ण, 8 मृत्यू, तिथेच साथ थांबली. भेटी गं, फोन नव्हेत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लायबेरियाच्या राजधानीतल्या, मनरोव्हियातल्या वेस्ट पॉइंट या झोपडपट्टीला सैनिकांनी वेढा घातला. गोळीबारात एक पोरगा गेला, आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. मृतदेहातूनही इबोला पसरतो, म्हणून शहरात मृतदेह जाळायचा हुकूम निघाला, तर लोक आपली मेलेली माणसं लपवू लागले. आई गेली तर तिला शेवटची आंघोळ घालू नकोस, असं सांगणाऱ्या परक्याला तू तरी घरात घेशील? 1897 च्या प्लेगात गोऱ्या सोजिरांच्या झडत्या झाल्या, तेव्हा पुण्यानेही रोगी लपवलेच होते.

मी तरी कुठे शहाणी होते! गॅस्ट्रोच्या साथीत एका वस्तीवर जीप आणि दोन हवालदार घेऊन गेले. एका म्हातारीने सुनेला गोठ्यात कडब्याआड लपवलं. मी अंगणात उभी राहून तिच्यावर ओरडले, विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, टाकून घेतली आणि निघाले. सून सापडली दुसऱ्या दिवशी. उशीर झाला होता.

आता म्हणशील, मग जीप नेलीत कशाला? सलाईनचे खोके काय डोक्यावरून नेणार होते? आणि वस्त्या होत्या अकरा, आम्ही तिघं. साथ आठ दिवसांत आटोक्यात आली, ते कुणी बोलत नाही. असो. दहा मिनिटं त्या ओट्यावर बसले असते तर म्हातारीने गोठा दाखवला असता. बसले नाही.

म्हणून सांगते, बस. पहिल्या दिवशी दार उघडणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, "वरून आदेश आहे" हे वाक्य तोंडातून काढू नकोस. चहा दिला तर पी, गोड असला तरी.

संध्याकाळी सातनंतर जा, माणसं कामावरून आलेली असतात. जीप कोपऱ्यावर थांबव. थर्मामीटर पर्समध्ये असू दे, हातात नको.

तुझी मॅडम