माळ्यावर वटवाघळं झाली आहेत, घरात लहान मूल आहे, काय करावं?

तुमचा प्रश्न वाचला. गावचं कौलारू घर, माळ्यावर वटवाघळं, खाली दोन वर्षांचं बाळ, पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो धुरी देऊन एका दिवसात साफ करतो आणि सासूबाई म्हणतात घरात वटवाघूळ म्हणजे अपशकुन. आधी एवढंच सांगतो की धुरी देऊ नका. आणि सध्या मे महिना चालू आहे, त्यामुळे या महिन्यात तर माळ्याला हातच लावू नका.

आमचं घर राजापूर तालुक्यात, मंगळुरी कौलांचं, आजोबांच्या वेळचं. आमच्याकडे लहान वटवाघळांना पाकोळ्या म्हणतात आणि त्या आमच्या आढ्याखाली कधीपासून आहेत हे घरात कोणालाच सांगता येत नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, पाऊस तोंडावर आला म्हणून आम्ही कौलं परतायला घेतली, दरवर्षी घेतो तशीच, आणि आढ्याजवळची चार-पाच कौलं उचलल्याबरोबर भर दुपारी पाकोळ्या भर्रकन बाहेर पडल्या. कावळे टपलेलेच होते, दोन-तीन त्यांनी तिथल्या तिथे उचलल्या. मग वाश्यावर बघितलं तर पिल्लं. सहा-सात असतील, अंगावर केस नाहीत, गुलाबी, माझ्या अंगठ्याच्या अर्ध्याएवढी, लाकडाला नखांनी चिकटून बसलेली आणि तोंड उघडझाप करत होती पण आवाज जवळजवळ नाहीच, कान अगदी जवळ नेला तर बारीक टिकटिक. आम्ही जाड फडक्याने उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली, अंधार पडल्यावर खोकं भिंतीच्या माथ्यावर ठेवलं, रात्री काहींच्या आया येऊन त्यांना घेऊन गेल्या, पण सकाळी चार पिल्लं तशीच होती आणि त्यांना मुंग्या लागलेल्या. माझ्या आईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तेव्हापासून तो आढ्याचा भाग आम्ही पावसाळा संपल्यावर करतो, बाकीचं छप्पर मे महिन्यात.

म्हणून सांगतो, तुमच्याकडे धुरी दिली तर मोठी उडून जातील आणि न उडणारी पिल्लं वर मरतील, मग महिनाभर वास, अळ्या, माश्या, आणि खाली बाळ. शिवाय त्या औषधाचा धूर फळ्यांच्या फटींतून तुमच्याच खोलीत उतरणार. डांबरगोळ्या टाका असंही कोणीतरी सांगेलच. कौलारू माळ्यावर वारा खेळता असतो, तिथे त्यांचा उपयोग होत नाही आणि रांगत्या मुलाच्या हाताला एखादी लागली तर ती विषारी असते.

आता आधी माळ्यावर नक्की कोण आहे ते बघा. लेंडी काडीने कागदावर घेऊन चुरगाळा. उंदराची असेल तर कडक राहते, पाकोळीची असेल तर लगेच भुगा होतो आणि त्या भुग्यात बारीक चकचकीत तुकडे दिसतात, ते किड्यांचे पंख आणि कवचं. आमच्या पडवीत संध्याकाळी दिव्याभोवती जे किडे घिरट्या घालतात तेच हे. रात्री वर धपधप चालल्याचा आवाज येत असेल आणि मधेच कुठूनतरी आंबेमोहर भात शिजल्यासारखा वास येत असेल तर ते उदमांजर, त्याची गोष्ट वेगळी. आणि ओसरीवर सकाळी देशी बदामाच्या चघळलेल्या बिया, पेरूचा चोथा असं पडत असेल तर ती फळं खाणारी वटवाघळं. ती रात्री फक्त लटकून खायला येतात, खाऊन जातात. तुमच्या माळ्यावरच्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

पाकोळ्याच असतील तर रोज सूर्य बुडताना दोन-तीन संध्याकाळी अंगणात घराच्या वेगवेगळ्या बाजूंना माणसं उभी करा आणि त्या कुठून बाहेर पडतात ते नीट बघा. बहुतेक एक-दोनच जागा असतात, आमच्याकडे आढ्याचं शेवटचं कौल आणि भिंत यांच्यामधली फट आहे, जेमतेम बोट जाईल एवढी, बघणाऱ्याला पटत नाही की यातून काही बाहेर येत असेल. ती जागा कळली की अर्धं काम झालं. पावसाळा संपून पिल्लं उडायला लागली की, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, दिवसा टॉर्च मारून वर पिल्लू नाही याची खात्री करायची (काही जाती वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा वितात, म्हणून महिन्यावर विसंबू नका), बाकीच्या सगळ्या फटी बुजवायच्या आणि मुख्य फटीवर बारीक जाळी अशी लावायची की वरून आणि दोन्ही बाजूंनी पक्की, खालून हातभर मोकळी लोंबती. आतलं वटवाघूळ बाहेर पडून जाळीखालून सरपटत निघून जातं, परत येताना ते थेट फटीकडे येतं आणि त्याला वाट सापडत नाही. आठवडाभर तशी ठेवा, दोन संध्याकाळी एकही बाहेर पडलं नाही की मग ती फट सिमेंटने बंद करा.

पण खरं सांगू का, आम्ही हे केलं नाही. आम्ही माळा आणि माजघर यांच्यामधल्या फळ्यांच्या फटी बुजवून खालून प्लाय मारून घेतलं, आढ्याखाली जाड प्लॅस्टिक अंथरलं आणि वरचा भाग त्यांना सोडला. खोलीत एक लेंडी पडत नाही. वर्षातून एकदा प्लॅस्टिक काढताना आधी पाणी शिंपडतो, मास्क लावतो, कारण ती सुकी धूळ छातीत जाणं चांगलं नाही, त्यातल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. ते खत कुजवून फुलझाडांना घालतो.

आता बाळाची काळजी, ती रास्त आहे. वटवाघूळ कधीही उघड्या हाताने धरायचं नाही, मेलेलं असलं तरी नाही. चावलं किंवा ओरखडलं, अगदी संशय असला तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी हॉस्पिटल, रेबीजच्या इंजेक्शनसाठी, घरगुती उपाय करत बसू नका. झोपलेल्या बाळाच्या खोलीत सापडलं तरीही डॉक्टरांना विचारा, बाळाला सांगता येत नाही. निपाह या वटवाघळांतून माणसात येऊ शकणाऱ्या विषाणूचं म्हणाल तर २०१८ मध्ये केरळात कोझिकोडला त्याची जी साथ आली तिने सगळेच घाबरले, पुण्याच्या विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्येही त्याच्या खुणा सापडल्या, २०२१ मध्ये बातमी आली होती. त्यावर घरात करायची गोष्ट सोपी आहे. पक्ष्याने किंवा वटवाघळाने उष्टावलेलं फळ खायचं नाही, खाली पडलेलं बाळाच्या हातात जाऊ द्यायचं नाही, फळं धुवून सोलून द्यायची.

खोलीत एखादं शिरलंच तर पहिलं काम पंखा बंद, मग दिवा बंद, खिडकी सताड उघडी आणि सगळ्यांनी बाहेर. ते अंगावर येत नाही, वाट शोधत असतं. केरसुणीने मारायला गेलात तरच खाली पडून चावेल. पडवीतला पांढरा झगझगीत दिवा काढून पिवळा मंद लावा, किडे कमी झाले की त्यांच्या मागे आत शिरणारीही कमी होतात.

हाकलणं वेगळं आणि मारणं वेगळं, हे पेस्ट कंट्रोलवाल्यालाही सांगा. फळं खाणारी वटवाघळं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदरांबरोबर उपद्रवी म्हणून पाचव्या अनुसूचीत, म्हणजे मारायला मोकळीक असलेल्या प्राण्यांच्या यादीत होती, २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साप, घोरपड, उदमांजर असं काही घरात आलं तर वन विभागाचा १९२६ हा नंबर लावा. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते, म्हणून बाळाला जमिनीवर झोपवू नका आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. माळ्यावरच्या पाकोळ्यांपेक्षा मला तुमच्याकडे ही काळजी जास्त वाटते.

सासूबाईंना मात्र कायदा सांगून काही होणार नाही. माझ्या आजीचंही तेच होतं, दिवेलागणीला पाकोळी घरात शिरली की देवाजवळ हात जोडायची. पण तीच आजी सकाळी मोठ्या वटवाघळांच्या झाडाखाली टोपली घेऊन जायची, ती कुठून कुठून उंडीची फळं आणून वरचा गर खाऊन बिया टाकतात, काजूचंही तसंच, आणि त्या उंडीच्या बियांच्या तेलावर तिच्या लहानपणी घरात दिवा जळायचा. तुमच्या सासूबाई कोकणातल्या असतील तर त्यांना उंडीच्या बियांचं विचारून बघा, त्यांनीही वेचल्या असतील.

आज संध्याकाळी अंगणात उभं राहून किती बाहेर पडतात ते मोजा आणि कुठल्या फटीतून ते इथे कळवा, भिंतीची उंची पण सांगा, जाळी कशी लावायची ते त्यावरून सांगतो.