त्या लाल चोपडीत काय लिहिलंय?

माई, नमस्कार.

मी २९ वर्षांची आहे. गंगापूर रोडला राहते, नोकरी घरूनच करते. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सहा जण माझ्या हॉलमध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारी. दीड वर्षापासून एकच कॅम्पेन, म्हणजे एकच लांबलचक गोष्ट, चालू आहे आणि मी त्यात जीव ओतते. अडचण एका मित्राची आहे. तो आमच्या कॉलेजचा नाही, एका मैत्रिणीच्या ओळखीनं आला. भांडीबाजारात वडिलांच्या दुकानात बसतो. सिनेमाचं प्रचंड वेड. मी काहीही सांगायला घेतलं की 'हे तर त्या सिनेमात आहे' म्हणून मोकळा होतो. गेल्या महिन्यात मी एक प्रसंग रचला होता. डोंगरातल्या गावावर दरोडेखोर येतात, गावकरी आमच्या पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, राखणीला ठेवतात. ४० पानं टिपणं काढली होती. दरोडेखोरांचा म्होरक्या टेकडीवर दिसला आणि हा ओरडला, "आला रे गब्बर!" सगळे हसून लोळले, पुढचे दोन तास नुसती डायलॉगबाजी. माझा प्रसंग तिथंच मेला.

हा खेळ खेळणाऱ्या इतरांना विचारलं. काही म्हणाले, टेबलावर सिनेमाचं नाव काढायचं नाही असा नियम कर. काही म्हणाले, सरळ काढून टाक. शिवाय खेळताना तो एका लाल चोपडीत सारखं काहीतरी खरडत असतो. वर्षापूर्वी एकदाच आलेल्या एका नावाड्याचं नाव मी विसरले होते, तर यानं पानं उलटून सगळ्यांसमोर सांगितलं. तेही मला टोमण्यासारखंच वाटलं. त्याला न दुखावता गटातून कसं काढू?

— गोष्ट सांगणारी, नाशिक

*

न दुखावता कसं काढायचं हे मी सांगणार नाही. त्याच आशेनं वाचायला बसली असशील तर ऊठ आणि चहा टाक.

गब्बरची हकिगत मी एकदा वाचली आणि हसले. नावाड्याचं वाक्य मात्र चार वेळा वाचलं. तू ते 'शिवाय' म्हणून जाता जाता लिहिलंयस, भाजीवाल्यानं वरून कोथिंबिरीची काडी टाकावी तसं. वर्षापूर्वी एका शनिवारी तुझ्या मंडळींना नदी ओलांडायची असणार. तू ऐनवेळी एक नावाडी उभा केलास, तोंडाला येईल ते नाव त्याला दिलंस आणि पैलतीराला लागल्यावर त्याला विसरून गेलीस. पुढे कधीतरी तोच नावाडी पुन्हा लागला. तेव्हा त्याचं नाव कुठं होतं? तुझ्या टिपणांत नव्हतं. भांडीबाजारातल्या त्या पोराच्या चोपडीत होतं. आणि गंमत बघ, मला एवढं सविस्तर लिहिलंस, टेकडी आली, म्होरक्या आला, पानांचा आकडासुद्धा आला, पण नावाड्याचं नाव पत्रात कुठंच नाही. मला वाटतं, तू ते पुन्हा विसरलीस.

माझ्या वयाच्या वाचकांसाठी हा खेळ थोडक्यात सांगते. मलाही तो देवळालीच्या भाच्यानं समजावला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. कुणी भिंत चढायला जातं, कुणी दरवानाला थापा मारतं, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. भाच्याच्या टेबलाशी मी दोन तास बसले. तो २० बाजूंचा फासा बोराएवढा असतो, तळहातावर घेतला की टोचतो. पहिल्याच फेकीला मला १ पडला आणि सगळी पोरं "काकू गेल्या!" म्हणून ओरडली. मी कुठं गेले हे मला अजून कळलेलं नाही, पण घरी आल्यावरही मी त्याच विचारात होते. तेव्हा खेळात काय आहे हे मला कळत नाही असं समजू नकोस.

आता चोपडीकडे येऊ. तुझ्या घरात चोपडी कधी होती का? माझ्या माहेरी होती, काकांचं छोटंसं दुकान होतं. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, दोऱ्यानं शिवलेली. लक्ष्मीपूजनाला तिच्या पहिल्या पानावर श्री लिहायचे, वर कुंकवाचं स्वस्तिक. चुकून पाय लागला तर काका आम्हा पोरांना कान धरून नमस्कार करायला लावत. आणि तिच्यात काय लिहायचं याचा कायदा कडक. घडलं तेच लिहायचं. कुणाकडून किती आले, कुणाला किती द्यायचे. उद्या काय होईल, काय व्हायला हवं होतं, याला तिच्यात जागा नसायची.

दुकानातल्या मुलानं हाताशी होती ती वही उचलली असेल, मी काही त्यात फार मोठा अर्थ बघत नाही. पण तिच्यात काय लिहिण्याच्या लायकीचं असतं, हे अशा घरातल्या मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. आणि तो तुझा नावाडी लिहून ठेवतोय. दीड वर्षाचे शनिवार मोज. गणपती, दिवाळी, कुणाचं लग्न, कुणाचा ताप वजा कर, तरी ६० बैठका होतात. तुझ्या ४० पानांत काय घडायला हवं ते आहे. काय घडलं ते सगळं त्याच्याकडे आहे. बाकीचे चौघं काय लिहून घेतात गं? तू कळवलेलं नाहीस. आपापले हिट पॉइंट, म्हणजे आपल्या पात्रात किती जीव उरलाय त्याचे आकडे, बहुतेक.

आणि 'तो आमच्या कॉलेजचा नाही' हे कशाला लिहिलंस? मी तर विचारलं नव्हतं.

गब्बरचं म्हणशील तर तुला हसण्यापेक्षा पकडलं गेल्याचं जास्त झोंबलंय. एवढी पानं भरताना हे कुठून येतंय हे तुलाही ठाऊक असणार. त्यात लाजण्यासारखं काय आहे? अकिरा कुरोसावानं १९५४ मध्ये जपानी शेतकऱ्यांची गोष्ट केली. दरोडेखोर पीक लुटतात म्हणून शेतकरी भाताच्या मोबदल्यात सात सामुराई आणतात. १९६० मध्ये हॉलिवूडनं तीच गोष्ट घोड्यावर बसवली, सामुराईंच्या जागी बंदूकवाले आले. १९७५ मध्ये रामगढच्या ठाकूरनं दोन भुरटे सोडवून आणले आणि आपण पिढ्यान् पिढ्या 'शोले' पाठ केला. आता ती गोष्ट तुझ्या हॉलमध्ये आली, चांगलं झालं. तुझा खेळ तरी कुठं आकाशातून पडलाय? १९७९ साली डीएम लोकांसाठी जे जाडजूड पुस्तक निघालं, त्याच्या मागे गायगॅक्सनं यादीच जोडली आहे, कुणाकुणाच्या पुस्तकांवरून आपल्याला सुचलं त्याची. त्याच्या आधी तर टोल्किनच्या कादंबऱ्यांतल्या बुटक्या लोकांचं हॉबिट हे नाव तसंच्या तसं वापरलं होतं. हक्कवाल्यांनी डोळे वटारल्यावर 'हाफलिंग' केलं. हे मला भाच्यानं सांगितलं, आणि सांगताना त्याला तेवढाच आनंद होत होता जेवढा तुझ्या मित्राला गब्बर ओळखताना झाला असेल.

शिवाय त्यानं ओळखली ती सुरुवात. शेवट कुणाला माहीत होता? 'शोले'चासुद्धा मूळ शेवट वेगळा होता, ठाकूर गब्बरला ठार मारतो असा. सेन्सॉरनं तो बदलायला लावला. तुझ्या टेबलावर सेन्सॉरच्या जागी फासा आहे. त्याची कुठलीही बाजू पडायची शक्यता १०० त ५. म्होरक्या पहिल्या तिराला कोसळला असता, किंवा पार्टीतल्या कुणी त्याला फितवून गावचा पाटील केला असता, तर तुझ्या मित्राला तोंडात बोट घालायची पाळी आली असती. पण तू शेवटही आधीच लिहून ठेवला होतास ना? खरं सांग. ती सगळी मंडळी तुझ्या पानांतून रांगेनं चालत जावीत एवढीच तुझी तयारी होती. मग एका शब्दानं प्रसंग मरणारच.

आणि तो नियम! सिनेमाचं नाव काढायचं नाही म्हणे. नाशिकमध्ये? अगं, दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. पहिल्या चित्रपटानंतर ते बिऱ्हाड घेऊन नाशिकलाच आले, इथंच त्यांनी चित्रपट काढले, १९४४ मध्ये इथंच गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथं शाळेच्या सहलीला तूही डबा खाल्ला असशील. १९१३ मध्ये त्यांनी पहिल्यांदा काय दाखवलं? राजा हरिश्चंद्र. त्या अंधारात बसलेल्या एकूण एक माणसाला पुढे काय होणार ते ठाऊक होतं. राजा राज्य देणार, बायकोपोरासकट विकला जाणार, स्मशानात उभा राहणार. तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषानं केलंय हेही पडद्यावर दिसत होतंच की. तरी लोक गेले. गोष्ट माहीत आहे म्हणूनच गेले.

मी लहान असताना आजी मला चैत्रात काळाराम मंदिरात कीर्तनाला न्यायची. पंचवटीतला श्रोता म्हणजे विचारू नकोस. शूर्पणखेचं नाक आमच्याच गल्लीत कापलं अशा थाटात बसणारा. पुढच्या रांगेत एक निवृत्त तलाठी असायचे, टोपी मांडीवर ठेवून. बुवांनी उत्तररंगात आख्यान लावलं की हे पुढची ओळ आधीच म्हणून मोकळे, तीही मोठ्यानं. आजी चिडायची, "या मेल्याला दम कसा तो नाही!" बुवा मात्र चिडायचे नाहीत. ते त्या जागी मुद्दाम थांबायचे, चिपळ्या खाली करायचे, तलाठीबुवांकडे हात करायचे. ते ओळ पुरी करायचे, मग टाळ उठायचे. एका वर्षी ते आले नाहीत, थंडीत गेले होते. बुवा आख्यान सांगत आले, त्या ओळीपाशी सवयीनं थांबले, हात पुढे केला. मला वाटतं सात-आठ वर्षांची असेन मी. तो तसाच राहिलेला हात मला अजून दिसतो.

तुझा मित्र तोंडाळ आहे, मान्य. रंगात आलेला प्रसंग असा फोडू नये. "जरा दम धर रे" एवढं त्याला टेबलावर सांगता येतं, त्यासाठी माईला पत्र लागत नाही.

आता एकच काम कर. शनिवारची वाट बघू नकोस. मधल्या एखाद्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला भांडीबाजारात जा, तेव्हा गिऱ्हाईक पातळ असतं. गाडी लांब लाव आणि चालत जा, आत शिरवलीस तर पातेल्यांच्या उतरंडीत अडकशील. त्याचे वडील गल्ल्यावर असतील, त्यांना नमस्कार कर. मग त्याला सांग, "तुझी चोपडी मला वाचायला हवी आहे, शनिवारी परत आणते." एवढंच. गब्बर नको, नियम नको, माफी तर मुळीच नको. तो लाजेल. अक्षर घाणेरडं आहे म्हणेल. 'फोटो काढून पाठवतो' म्हणेल. फोटो घ्यायचे नाहीत, चोपडीच घेऊन ये.

आणि पहिल्या पानापासून वाच. मध्येच नावाडी शोधायला जाऊ नकोस, तो येईल तेव्हा येईल. सापडला की खूण म्हणून पान मात्र दुमडू नकोस. चोपडीचं पान दुमडत नाहीत.

— माई