हिरवी नदी आणि मनिऑर्डरीचा अंगठा

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. वडिलांनी कोइमतूरला सोन्याच्या गलाईचं दुकान टाकलं, पुढं मी चाळीस वर्षं चालवलं. आता विट्याला परत आलोय. नातू शिकागोत नोकरीला आहे. मार्चमध्ये त्यानं फोनवर दाखवलं, तिथली नदी हिरवीगार केलेली. म्हणाला, आयरिश लोकांचा सण आहे. हे लोक म्हणे उपाशी मरता मरता तिकडं पोचलेले. मग एवढा थाट आला कुठून? आणि ते आपल्या गावी परत का गेले नाहीत? आम्ही कुठंही असलो तरी यात्रेला येतोच. – एक आजोबा, विटा

उत्तर : आजोबा, नदीचं नंतर सांगतो. परत का गेले नाहीत, हे आधी घेऊ, कारण तुमचा जीव तिथंच अडकलेला दिसतोय.

परत जायला काही उरलंच नव्हतं. आयर्लंडमधला गरीब कुळवाडी बटाट्यावर जगायचा. शेतात धान्य पिकायचं, पण ते जमीनदाराच्या खंडापायी जायचं. १८४५ साली बटाट्यावर करपा आला. चार दिवसांत पाला काळा पडायचा आणि खणून बघावं तर खाली चिखलासारखा लगदा. पुढची काही वर्षं हेच. आणि त्याच वर्षांत धान्य नि जनावरं बोटीत भरून इंग्लंडला जातच होती. १८४१ च्या शिरगणतीत सुमारे ८२ लाख माणसं होती, १८५१ ला ६५ लाखांच्या आसपास उरली. दहा लाखांच्या घरात मेली, तितकीच किंवा थोडी जास्त देश सोडून गेली. खंड थकला की जमीनदाराची माणसं येऊन छप्पर पाडायची, कुळानं पुन्हा आत शिरू नये म्हणून. आता सांगा, यात्रेला यायचं कुठं?

त्यांच्यात मयताच्या घरी शेजारपाजार रात्रभर जागतो. अमेरिकेला निघालेल्या पोरासाठीही तशीच रात्र जागवायचे. पोरगं धडधाकट समोर बसलेलं, आणि आई विलाप करतेय. आमच्या पाटण खोऱ्यातला माणूस मुंबईला निघाला की बायका स्टँडवर डोळे पुसायच्या, पण पिशवीत भाकरी-चटणी कोंबून वर ‘गणपतीला ये’ म्हणायच्याच. एसटी होती ना. त्यांच्या वाटेत पाच-सहा आठवड्यांचा समुद्र होता. १८४७ साली कॅनडात क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल बेटावर बोटी थांबवून तपासायचे. त्या एका हंगामात तिथं पाच हजारांवर माणसं पुरली, बहुतेक टायफस नावाच्या तापानं गेलेली.

मी पोस्टात १९७४ ते २००८ नोकरी केली, त्यामुळं माझं लक्ष पैशाकडं जातं. न्यूयॉर्कमध्ये १८५० साली आयरिश लोकांच्या पुढाकारानं एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक निघाली. कितीतरी खातेदारांना सही येत नव्हती. मग पैसे काढायला आलेला माणूस तोच, हे ओळखायचं कसं? त्यांनी वह्या ठेवल्या. गाव कोणतं, कुठल्या बोटीनं आलास, आईचं माहेरचं आडनाव काय, भाऊ-बहिणी कुठं आहेत, सगळं लिहून घ्यायचे आणि नंतर तेच उलटून विचारायचे. त्या वह्या आजही तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. आमच्याकडं अंगठा आणि एक साक्षीदार, संपलं काम. त्यांची पद्धत मला जास्त आवडते. बँकेच्या खिडकीत उभं राहून आईचं माहेर सांगावं लागतं, म्हणजे काय!

यातलाच पैसा घरी जायचा, त्यात पुढच्याचं तिकीट निघायचं. एक बहीण गेली की दोन वर्षांत दुसरी. हो, एकट्या पोरी मोठ्या संख्येनं गेल्या, लोकांच्या घरी धुणी-भांडी, स्वयंपाक करत राहिल्या. बापे कालवे खणायचे, रेल्वेचे रूळ टाकायचे, धक्क्यावर हमाली करायचे.

आणि माणसं हरवायची. बॉस्टनच्या ‘पायलट’ नावाच्या वर्तमानपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्यांच्या जाहिराती यायच्या. अमक्या गावचा, अमक्या बोटीनं आलेला, शेवटचा अमक्या कालव्यावर कामाला होता, माहिती असल्यास बहिणीला कळवा. हे वाचलं आणि मला आमच्याकडची एक बाई आठवली. १९८२ च्या गिरणी संपानंतर तिच्या नवऱ्याची मनिऑर्डर थांबली. दर सोमवारी यायची, काउंटरला हात टेकून नुसती उभी राहायची. शेवटी मी लालबागला गावकीच्या खोलीवर कार्ड टाकलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, गडी सुरतेला यंत्रमागावर कामाला गेलाय, लाजेनं कळवलं नाही. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “सुरत मुंबईच्या अलीकडं का पलीकडं?”

थाटाचं म्हणाल तर तो हळूहळू आला. सुरुवातीला ‘आयरिश नकोत’ असं लिहून नोकरीच्या जाहिराती निघायच्या. मग यांनी गठ्ठ्यानं मतं द्यायला सुरुवात केली. पोलिसांत शिरले, अग्निशमन दलात शिरले, नगरपालिका हातात घेतल्या. सगळं गोडगोड मात्र नव्हतं. १८६३ साली न्यूयॉर्कला सक्तीच्या सैन्यभरतीवरून झालेल्या दंगलीत काळ्या लोकांना मारणाऱ्या जमावात आयरिशच जास्त होते. काल मार खाल्लेल्यानं आज दुसऱ्याला मारलं, हेही तुमच्या नातवाला सांगा.

आता तुमची नदी. सेंट पॅट्रिक हा आयरिश लोकांचा संत, त्याचा दिवस १७ मार्चला. खुद्द आयर्लंडमध्ये तो बरीच वर्षं शांतपणे चर्चला जाण्याचा दिवस होता, कायद्यानं गुत्तेसुद्धा बंद असायचे. न्यूयॉर्कला मात्र १७६२ पासून मिरवणूक निघते. शिकागोत १९६२ साली प्लंबरांच्या संघटनेनं नदीत हिरवा रंग सोडला. नदीत चोरून सांडपाणी कोण सोडतंय ते शोधायला जो रंग वापरायचे, तोच. तुम्हीच आठवून बघा, तुमच्या गलाईवाल्यांची शिवजयंती विट्यात दणक्यात व्हायची की कोइमतुरात?

नातू यात्रेला येईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायचं होतं. त्याच्यापाशी पासपोर्ट आहे, तुमच्यापाशी घर आहे. यात्रेची तारीख मात्र पंचांग बघून आत्ताच कळवा. ऐनवेळी विमानाची तिकिटं फार महाग पडतात.