नट सुटला, पण बोल्ट हलेना

लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, गंजलेला बोल्ट काढायचाय? आधी गाडी जॅकवरून स्टँडवर घे; नुसत्या जॅकच्या भरवशावर पान्याला झटके देऊ नकोस. आदल्या रात्रीच थ्रेडवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून गंज सोडवणारं तेल मारून ठेव. सॉकेट ६ कोनीच घे, १२ कोनीने हेड गोल होतं.

लोअर आर्मचा नट निघाला, पण बोल्ट फिरवला की स्प्रिंगसारखा परत येतो? मग तो बुशच्या (आर्मच्या टोकात बसवलेल्या रबरी तुकड्याच्या) आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलाय. तिथवर तेल फारसं पोहोचत नाही. मी एकदा वैतागून थेट थ्रेडवर हातोडा घातला. टोक फुललं आणि नट परत चढेना. नट टोकाच्या बरोबरीला आणून मगच ठोक. आच दिलीस तर बुश जळणारच, आणि ब्रेकच्या होजजवळ तर अजिबात नको. खरं सांगू? बुश बदलायचाच असेल तर आर्म धरणारं ब्रॅकेट आणि बुश यांमधल्या फटीत करवतीचं ब्लेड घालून बोल्ट दोन्हीकडून सरळ काप. नवा बोल्ट मात्र आधी आणून ठेव.

शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. आर्म लटकत असताना आवळलास तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.